महामारी, पर्यटन आणि अडकून पडण्याची भीती

प्रश्न : महामारीच्या काळात पर्यटन थांबते ते लोक आजाराला घाबरतात म्हणून, की सरकारे सीमा बंद करतात म्हणून? निर्बंध उठल्यानंतरही अनेक जण प्रवास का टाळतात?

उत्तर : २०१९ मध्ये जगभरात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक-भेटी नोंदल्या गेल्या होत्या, २०२० मध्ये तो आकडा ४० कोटींच्या आसपास आला. एवढी मोठी घसरण निव्वळ भीतीमुळे होत नाही, तिच्यामागे बंद सीमा आणि जमिनीवर उभी राहिलेली विमाने होती. मात्र भीतीचा वाटाही कमी लेखता येत नाही. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगची दारे बंद झालेली नव्हती, तरीही जागतिक आरोग्य संघटनेने अनावश्यक प्रवास टाळण्याचा सल्ला देताच तेथील हॉटेले ओस पडली. साथ आटोक्यात आल्यावर काही महिन्यांतच पर्यटक परतू लागले, म्हणजे आजाराची भीती आजाराबरोबरच बरीचशी ओसरली.

कोविडनंतर मागे उरली ती वेगळी भीती, परमुलखात अडकून पडण्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात विलगीकरणात ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर सुमारे ३,७०० माणसे होती आणि त्यांपैकी सातशेहून अधिक जणांना संसर्ग झाला. आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या प्रवाशांच्या बातम्या जगाने पाहिल्या. पुढे नियमांतील अनिश्चिततेने या भीतीत भर घातली. कित्येक देशांना निघण्यापूर्वीच्या ७२ तासांतला चाचणी अहवाल लागत असे. तो वेळेत हाती आला नाही किंवा जोडविमान चुकून मुदत उलटून गेली, तर तिकीट असूनही प्रवास अडत असे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी एप्रिल २०२१ मध्ये परस्परांत विलगीकरणाविना ये-जा सुरू केली, पण जुलैमध्येच ती स्थगित करावी लागली. असे घडल्यावर प्रवासाची इच्छा असलेला माणूसही बेत पुढे ढकलतो, आणि माझ्या मते त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. पैसे परत मिळण्याची स्पष्ट हमी आणि आयत्या वेळी न बदलणारे नियम यांनी जेवढा विश्वास परततो, तेवढा जाहिरातींनी परतत नाही.

प्रश्न : मग पर्यटन पूर्ववत झाले असे म्हणावे का?

उत्तर : पर्यटकांच्या संख्येपुरते म्हणता येईल, कारण २०२४ मध्ये ती पुन्हा सुमारे १४० कोटींवर पोहोचली. आधी लोक जवळच्या, स्वतःच्या वाहनाने जाता येईल अशा ठिकाणी गेले, दूरचे प्रवास नंतर सुरू झाले. या व्यवसायातील माणसांची हानी मात्र संख्येत दिसत नाही. काम गेलेले वाटाडे, चालक आणि हॉटेल-विमानतळावरील कर्मचारी यांच्यापैकी अनेकांनी दुसरा धंदा धरला आणि ते परतले नाहीत. म्हणूनच २०२२ च्या उन्हाळ्यात प्रवासी यायला तयार असूनही लंडनच्या हीथ्रो विमानतळाला मनुष्यबळाअभावी रोज निघणाऱ्या प्रवाशांवर एक लाखाची मर्यादा घालावी लागली.