वडिलांची डिसॅबिलिटी पेन्शन पहिल्या अपिलातही नाकारली. पुढे काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील 24 वर्षं सैन्यात नोकरी करून 2016 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले, ब्लड प्रेशरसाठी रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने) 30 टक्के डिसॅबिलिटी लिहिली, पण आजाराचा सेवेशी संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारली. फौजेतून आल्यापासून मी माजी सैनिकांना असे अर्ज लिहून देतो. वडिलांची बाजू मला भक्कम वाटते.

या पेन्शनसाठी किमान 20 टक्के डिसॅबिलिटीची अट आहे, ती ते पार करतात. वाद आहे तो सेवेशी संबंध नसल्याच्या शेऱ्यावर. म्हणून बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत हातात घ्या. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात मागा. शेऱ्यापुढे कारण काय दिलंय ते बघा. बहुतेकदा एकच ओळ सापडते: आजार पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर सुरू झाला. उमेदीची सगळी वर्षं दिलेल्या माणसाला एका ओळीत वाटेला लावतात, याचा मला आजही संताप येतो.

सुप्रीम कोर्टाने धरमवीर सिंग प्रकरणात 2013 मध्येच हे स्पष्ट केलंय. त्या जवानाला फिट्सच्या आजारामुळे 20 टक्के डिसॅबिलिटीवर घरी पाठवलं होतं. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही, हे दाखवायची जबाबदारी सरकारवर आहे, जवानावर नाही, आणि बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत. तुमच्या अर्जाचा कणा हाच ठेवा.

आता दुसरं अपील करा. तेही फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडा. मात्र थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, त्यामुळे आता थांबू नका.

राउंडिंग ऑफ, म्हणजे डिसॅबिलिटीची टक्केवारी वरच्या टप्प्यावर धरणं, अर्जात स्पष्ट मागा. सुप्रीम कोर्टाच्या राम अवतार प्रकरणातल्या डिसेंबर 2014 च्या निकालानंतर नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते मिळतं, आणि 30 टक्के डिसॅबिलिटी 50 टक्के धरली जाते. (21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांचे नियम वेगळे आहेत, ते तुम्हाला लागू नाहीत.)

बोर्डाच्या कागदात वाढलेलं वजन, सिगारेट किंवा औषधं न घेतल्याची नोंद असेल, तर सरकारी वकील नेमकं तेच पुढे करतील. आपल्या वकिलाला ते पहिल्याच भेटीत दाखवा.