इंग्लंडमधल्या सामान्य कुटुंबांच्या, दोन-तीन पिढ्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायच्या आहेत. राजे-राण्या नकोत. कोणत्या काळापासून सुरुवात करू?

इंग्लंडच्या वायव्येला असलेल्या लँकशर परगण्यातल्या गिरणगावांपासून करा, आणि त्यातही 1861 ते 1865 हा काळ घ्या. युद्ध अमेरिकेत झालं आणि चुली विझल्या त्या इंग्लंडमधल्या भाड्याच्या घरांत. अशा कादंबऱ्यांसाठी याहून सकस काळ मला दुसरा दिसत नाही.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकशरला येणारा कापूस आटला. तिथल्या गिरण्यांचा बहुतेक कापूस याच दक्षिणेतून यायचा. 1862 च्या अखेरीस जवळपास पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. चांगल्या कादंबरीत हे आकड्याने सांगावं लागत नाही. आधी रविवारचे ठेवणीतले कपडे गहाण पडतात, मग भांडीकुंडी, मग अंथरूण-पांघरूण. मदत हवी तर पुरुषांनी दगड फोडायचे. गिरणीतल्या मुली शिवणशाळेत बसतात आणि त्याचे थोडेफार पैसे घरी आणतात.

यात आपलाही धागा आहे. अमेरिकन कापूस बंद झाल्यावर मुंबईहून कितीतरी जास्त गासड्या जाऊ लागल्या. तिकडे त्या सगळ्या कापसाला ‘सुरती’च म्हणत, मग तो खानदेशातला का असेना. हा कापूस आखूड धाग्याचा, त्यात माती आणि काडीकचरा. मागावर सूत सारखं तुटायचं. विणकराला मजुरी कापडाच्या मापावर मिळायची, त्यामुळे दिवसभर राबूनही हातात कमीच पडायचं. धोट्यात नवी कांडी भरली की त्याच्या छिद्राला ओठ लावून सूत श्वासाने बाहेर ओढायची तिकडे रीत होती. सुरती सुताबरोबर काय काय तोंडात जात असेल! ‘देवा, कापूस पाठव, पण सुरती नको,’ अशी प्रार्थना लोक करत, असं सांगतात. त्याच वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरबाजार उसळला होता आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. मुंबई आणि लँकशर, दोन्ही एकाच कादंबरीत आणणारं कुणी तरी मराठीत लिहावं, असं मला फार वाटतं.

निवडताना एक गोष्ट बघा. 31 डिसेंबर 1862 रोजी मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला आणि लिंकनने त्यांना उत्तरही पाठवलं. प्रसंग खरा आहे, मोठा आहे. पण दक्षिणेच्या बाजूच्या सभाही याच लँकशरमध्ये भरत होत्या. मार्च 1863 मध्ये स्टेलीब्रिज या गिरणगावात मदत रोखीऐवजी चिठ्ठ्यांवर द्यायचं ठरलं, तेव्हा लोकांनी काचा फोडल्या, दुकानं लुटली. आयुष्यभर कमावून खाल्लेल्या माणसाला चिठ्ठी दाखवून शिधा घ्यायला लावणं म्हणजे काय, हे ज्या लेखकाला कळलंय त्याचं पुस्तक घ्या. सगळे मजूर सोशिक आणि एकमताचे दाखवले असतील तर ते बाजूला ठेवा.

पिढ्यांचा हिशोबही इथे नीट जुळतो. 1863 मध्ये शिवणशाळेत बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचा नातू पहिल्या महायुद्धात ऐन विशीत असतो. ॲक्रिंग्टन हे त्याच पट्ट्यातलं कापडाचं गाव. तिथल्या आणि आसपासच्या पोरांनी 1914 मध्ये मिळून एकाच पलटणीत नावं घातली. 1 जुलै 1916 ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत त्यातले सुमारे 720 जण पुढे गेले आणि अर्ध्या तासाच्या आसपास 584 जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. शेजारी, मेव्हणे, एकाच खात्यातले कामगार, सगळे एकाच सकाळी. म्हणून दुसरं पुस्तक या काळातलं घ्या, आणि जमलं तर त्याच गावांमधलं.