सुगंधी तेलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझ्याकडे लॅव्हेंडरच्या दोन बाटल्या आहेत. एक मी घेतलेली, एक भेट आलेली. दोन्हींवर ‘100 टक्के शुद्ध’ लिहिलंय, एकीवर शिवाय ‘थेराप्युटिक ग्रेड’. वास मात्र अगदी वेगवेगळा आहे. खरी कोणती समजायची?

उत्तर : दोन्ही खऱ्या असू शकतात. ‘थेराप्युटिक ग्रेड’ ही प्रत कुठलीही सरकारी यंत्रणा ठरवत नाही. विकणाऱ्यानेच आपल्या मालाला लावलेलं ते बिरुद आहे. सुगंधी द्रव्यांच्या प्रयोगशाळेत मी 26 वर्षं नमुने तपासले. आमच्या तपासणीच्या कागदावर या शब्दासाठी कधी रकाना नव्हता.

बाटली फिरवा आणि बारीक अक्षरातलं वनस्पतीचं शास्त्रीय नाव वाचा. ‘लॅव्हेंड्युला अँगुस्टिफोलिया’ असेल तर ते खरं लॅव्हेंडर, मऊ वासाचं, किंचित गोडसर. ‘लॅव्हेंड्युला इंटरमीडिया’ म्हणजे लॅव्हेंडिन, ही संकरित जात. तिच्यातून तेल जास्त निघतं म्हणून ती स्वस्त पडते, आणि तिच्यात कापराचा अंश जास्त असतो म्हणून वास नाकात चढतो. लॅव्हेंडिन वाईट नाही हं, फरशी पुसायच्या पाण्यात मी तेच टाकते. फक्त उशाशी ठेवायला ते घेऊ नका. नावच छापलेलं नसेल तर ती बाटली घेऊच नये, असं माझं मत. आणि ‘स्ट्रॉबेरी’ किंवा ‘समुद्राची झुळूक’ अशा नावाचं इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीतून काढलेलं सुगंधी तेल, नसतंच. ते मिश्रण असतं. वासापुरतं ठीक, पण त्याला अर्क म्हणू नये.

भेसळीचा पक्का निकाल गॅस क्रोमॅटोग्राफीच देते, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली तपासणी. चांगले विक्रेते त्या त्या बॅचचा अहवाल दाखवतात, तो मागायला लाजू नका. घरच्या घरी मात्र एक गंमत करता येते. नव्या मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी हे काम द्यायचो. जाडसर पांढऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या कापा. प्रत्येकीवर तेलाचं नाव आणि वेळ लिहा, पण पेन्सिलीने, कारण पेनाची शाई तेलात पसरते. टोक जरासं बुडवा आणि लगेच, अर्ध्या तासाने, मग दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. लिंबाची पट्टी सकाळपर्यंत जवळजवळ मुकी झालेली असते. तशी झाली नाही, लिंबू कालच्याइतकंच टवटवीत असलं, तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी आत घातलंय. पॅचोलीचं (हे एका सुवासिक झुडपाच्या पानांचं तेल) उलट. ती काल मातकट वाटली असेल तर आज खुलते.

त्याच पट्टीवर डाग बघा. ही तेलं नावालाच तेलं, ती उडून जातात. लॅव्हेंडर किंवा निलगिरीने कागदावर तेलकट डाग ठेवला, तर आत खायच्या तेलासारखं काही मिसळलेलं आहे. चंदन, वाळा, पॅचोली जड असतात, त्यांचा डाग बरेच दिवस राहतो. त्यांच्यावर उगाच आळ घेऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा सव्वा वर्षाचा आहे. सर्दीने नाक चोंदलं की आई म्हणते, नाकाखाली निलगिरीचा एक थेंब लाव. नैसर्गिकच आहे ना?

उत्तर : नका लावू. पुदिना आणि कापूर यांनाही तेच लागू. एवढ्या लहान मुलांमध्ये हे झोंबरे वास नाकाशी गेले की श्वास अडखळू शकतो. आईंवर रागावू नका, मोठ्यांच्या रुमालावरचा थेंब त्यांनी आयुष्यभर पाहिलाय. याहून मोठी काळजी बाटलीची. निलगिरीचं तेल चमचाभर जरी पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. विंटरग्रीनच्या (दुखऱ्या अंगाला चोळतात ते तेल) 5 मिलिलिटरमध्ये तर वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्यांइतकं सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य, असतं. कुलपात ठेवा. कधी प्यायलं गेलंच तर उलटी काढू नका, कारण तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली बरोबर घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : पुरळावर मी टी ट्री तेल तसंच लावते. तीन वर्षं काही झालं नाही, आता मात्र लावलं की त्वचा लाल होते. तेल तेच, बाटलीही तीच.

उत्तर : बाटली तीच, हेच कारण असावं. माझंही असंच झालंय, सांगायला संकोच वाटतो. माझ्या आरशाच्या फळीवर चार वर्षांची टी ट्रीची बाटली होती. ड्रॉपरचा रबरी फुगा चिकट होऊन लोंबत होता, तोंडाशी पिवळट पापुद्रा धरला होता. नमुना म्हणून ती समोर आली असती तर मी वासावरूनच परत पाठवली असती. पण घरची ना! हनुवटीवर थेंब टेकवला. दोन दिवसांत हनुवटी सुजली, आणि तेव्हापासून ताजं तेलसुद्धा मला चालत नाही. शाम्पूत कणभर असलं तरी मान खाजते.

हवा लागून तेल जुनं होतं तेव्हा त्यात ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात, आणि एकदा शरीराने ती ओळखली की पुढे विसरत नाही. तुमची बाटली टाकून द्या. ताजं तेलही सध्या लावू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पुढे कुठलंही तेल घेतलं की झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. लिंबूवर्गीय, पाइन आणि टी ट्री वर्षभरात संपवा, गडद काचेत आणि थंड जागी ठेवा.

त्वचेवर लावायचं तर नेहमी साध्या तेलात. 30 मिलिलिटर बदामाच्या तेलात 12 थेंब म्हणजे साधारण 2 टक्के. चेहऱ्यासाठी 6 थेंब पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. साल दाबून काढलेलं लिंबाचं किंवा बर्गामॉटचं (हे लिंबाच्याच जातीचं फळ) तेल लावून उन्हात जाऊ नका, भाजल्यासारखे डाग पडतात. वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलाला हा दोष नाही. अंघोळीच्या पाण्यात सरळ थेंब टाकणाऱ्यांनाही सांगून ठेवते : ते विरघळत नाही, वर तरंगतं आणि नको तिथे चिकटून झोंबतं.

प्रश्न : तेलाचा वास खोलीत पसरवणारा डिफ्यूझर रात्रभर चालू ठेवला तर चालेल का? घरात मांजर आहे.

उत्तर : अर्धा तास लावा आणि बंद करा, नाकाला तसाही पुढे वास येत नाही. दार उघडं ठेवा, म्हणजे मांजराला बाहेर जाता येईल. मांजराच्या यकृताला या तेलांतली काही द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. त्याच्या अंगावर टी ट्री तर कधीच नको, पिसवांसाठीसुद्धा.