फायरवॉल बंद करू नकोस, एवढंच दार उघड

घरातल्या एका कॉम्प्युटरवरचा फोल्डर दुसऱ्यावरून उघडायचाय, पण दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत म्हणून फायरवॉलच (नको ती कनेक्शन अडवणारी भिंत) बंद करू नकोस, अगदी कळकळीने सांगतो. आधी विंडोजमध्ये घरचं वायफाय ‘पब्लिक’वर राहिलंय का बघ, असेल तर ‘प्रायव्हेट’ कर. माझ्या अनुभवात बहुतेकदा घोडं तिथेच अडलेलं असतं.

मग ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे, त्याच्या फायरवॉलमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’चे इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्या कनेक्शनचे, नियम फक्त प्रायव्हेटसाठी चालू कर. फाइल शेअरिंगला टीसीपी ४४५ हा पोर्ट, म्हणजे कनेक्शन आत यायचं नंबर असलेलं दार, लागतो. नियमाच्या स्कोपमध्ये (कुणाला आत येऊ द्यायचं ते) ‘लोकल सबनेट’, म्हणजे फक्त घरचं नेटवर्क, ठेव, म्हणजे १९२.१६८.१.५ या पत्त्याच्या कॉम्प्युटरवरून १९२.१६८.१.८ ला जाता येईल, बाहेरच्याला नाही.

पिंगला (दुसरा कॉम्प्युटर उत्तर देतो का बघायच्या कमांडला) उत्तर आलं नाही तरी घाबरू नकोस. पिंग आयसीएमपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं, त्याला पोर्टच नसतो, नियमही वेगळा. थेट फोल्डर उघडून बघ.