गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलताना लोक कोणत्या चुका करतात? (उत्तर)

तुम्ही विचारलंय की २०१५ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, वॉरंटी कधीच संपली, यावेळी ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचा विचार आहे, पहिलीच वेळ आहे तर काय चुकू शकतं. मी मेकॅनिक नाही, पण माझ्या वॅगनआरचं ऑइल गेली आठ-नऊ वर्षं मीच बदलतोय आणि खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा स्वतः करून झाल्यात, त्यामुळे अधिकाराने बोलतो.

आधी एक सांगतो, लोक सगळा वेळ कोणतं ऑइल घालू, सिंथेटिक का साधं, या कंपनीचं का त्या, यात घालवतात आणि गाडी बिघडते ती दहा-वीस रुपयाच्या वायसरमुळे नाहीतर एका रबराच्या रिंगमुळे. ऑइलचं उत्तर तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधे एका ओळीत लिहिलेलं आहे, जो ग्रेड दिलाय तो आणायचा, विषय संपला. "आपल्याकडे ऊन फार, जरा जाड ऑइल घाल" असं सांगणारा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो, त्याचं ऐकू नका. समजा ग्रेड ५डब्ल्यू-३० आहे, तर त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा ५ हा आकडा थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहतं त्याचा, आणि मागचा ३० हा इंजिन तापल्यावरचा, आणि तापलेलं इंजिन नागपुरात काय नि महाबळेश्वरात काय जवळपास त्याच तापमानाला चालतं, इंजिनाचं तापमान धरून ठेवणारा थर्मोस्टॅट त्यासाठीच असतो. मॅन्युअलमधे नसताना २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल घातलं तर सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि ॲव्हरेजही पडतं.

आता माझी फजिती. दुसऱ्यांदाच ऑइल बदलत होतो. पहिली वेळ व्यवस्थित पार पडलेली त्यामुळे अंगात आलेलं. जुना फिल्टर काढला, नवीन फिल्टरच्या रबराला बोटाने थोडं नवीन ऑइल लावलं, हाताने फिरवून बसवला, ऑइल भरलं, गाडी स्टार्ट केली, समोरचा ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदात विझला, मी खूश. गाडी चालूच ठेवून हात धुवायला गेलो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचं पोरगं ओरडलं, "काका, तुमच्या गाडीने सू केली!" येऊन बघतो तर गाडीखाली काळं नाही, छान सोनेरी, आत्ताच ओतलेलं ऑइल पसरलेलं, कमीत कमी दीड-दोन लिटर. धावत जाऊन चावी बंद केली. झालं काय होतं, जुन्या फिल्टरचं रबर फिल्टरबरोबर निघालंच नव्हतं, ते इंजिनाला चिकटून राहिलेलं, आणि त्याच्यावर मी नवीन फिल्टर रबरासकट चढवला. रबरावर रबर कधीच नीट बसत नाही, प्रेशर आलं की एक बाजूला सरकतं. माझं नशीब की पार्किंगमधेच झालं, कधीकधी ते आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न करता, तग धरतं आणि हायवेला फाटतं, मग ऑइलचा दिवा दिसून गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालेलं असतं. रविवार होता, भुसा कुठे मिळेना, शेवटी बायकोच्या कुंड्यांतली माती ओतून ते शोषलं (त्याबद्दल अजून ऐकून घेतो). डाग आजही आहे आणि त्या जागेला सोसायटीत ऑइलवाल्याचं पार्किंग म्हणतात.

तर फिल्टर काढला की पहिलं काम, काढलेला फिल्टर उलटा करून बघा त्याच्यावर रबराची रिंग आहे का. नसेल तर ती वर इंजिनाला आहे. नुसतं बघून कळत नाही कारण काळ्यावर काळं असतं, बोट फिरवून बघायचं आणि स्वच्छ फडक्याने ती बसायची जागा पुसून घ्यायची. नवीन फिल्टर हाताने फिरवत न्यायचा, रबर टेकलं असं जाणवलं की तिथून साधारण पाऊण फेरा, बस. फिल्टरच्या डब्यावर पण बहुतेक वेळा छापलेलं असतं. बसवताना बेल्ट पाना लावायचा नाही, तो काढण्यासाठी आहे. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी काढताना जो छळतो ना, लोक मग त्यात स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवतात आणि फिल्टरचा पत्रा फाटून हातात येतो.

दुसरी मोठी चूक माझी नाही, मावसभावाची. त्याने मला फोन केला, "अरे ऑइल तर अजून चांगलं पिवळंधमक होतं, उगाच बदललं." मी विचारलं, पिवळं? दहा हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनातून पिवळं ऑइल? वास कसा होता? म्हणाला जरा उग्र, गंधकासारखा. पठ्ठ्याने गिअरबॉक्सचा नट खोलला होता. म्हणजे गिअरबॉक्स रिकामा, आणि इंजिनात आधीचं तीन लिटर होतं त्यावर अजून तीन लिटर ओतलेलं. आणि फोन कुठून करत होता, तर गाडी वीस किलोमीटर चालवून झाल्यावर, कारण गिअरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला म्हणून. नंतर सगळं परत काढून भरलं पण तो आवाज गेला नाही, शेवटी गिअरबॉक्स उघडावा लागला. आपल्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, गिअरबॉक्स त्याला चिकटूनच, खाली झोपून बघितलं की दोन्ही नट जवळजवळ दिसतात आणि नवख्याला फरक कळत नाही. चेंबर शोधा आधी, म्हणजे इंजिनाच्या खालचं ते पसरट भांडं, त्याचा नट आपला. आणि काळ्याऐवजी पिवळसर, जाड, वासाचं काही यायला लागलं की लगेच नट परत लावा आणि एक शिवी स्वतःला घाला, अजून फार बिघडलेलं नसतं.

नटाबद्दलच बोलतोय तर आवळण्याचं सांगतो, कारण आपल्याकडे घट्ट म्हणजे चांगलं असा समज आहे. पान्याला पाइप लावून लटकणारे मी पाहिलेत. मारुतीच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना ड्रेन नटाला साधारण ३५ न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं (तुमच्या मॅन्युअलमधे एकदा बघून घ्या). आता टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजून आवळणारा, सगळ्यांकडे नसतो, पण हिशोब करा, पाना २५ सेंटीमीटरचा असेल तर टोकाला फक्त चौदा किलोच्या आसपास जोर, म्हणजे एक हात, पूर्ण ताकद नाही, लटकणं तर नाहीच. जास्त आवळलं की चेंबरचे आटे जातात, आणि आटे गेले की मग नवे आटे पाडा नाहीतर चेंबर बदला, म्हणजे जे पैसे वाचवायला निघालो त्याच्या कितीतरी पट गेले. लावताना सुरुवातीचे तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी, पाना हातातच घ्यायचा नाही. बोटाने फिरत नसेल तर नट तिरका लागतोय, काढून परत लावा. आणि नटाखालचा वायसर दरवेळी नवा. तो मऊ धातूचा असतो, एकदा दाबला गेला की त्याचं काम झालं, जुनाच लावला की थेंब थेंब गळतं, मग माणूस अजून आवळतो, आणि मग परत आटे.

गाडीखाली जायची पद्धत हा मात्र चेष्टेचा विषय नाही. गाडीबरोबर मिळतो तो जॅक टायर बदलण्यापुरता आहे, त्याच्यावर गाडी ठेवून खाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठी पण नाही, विटा आणि दगड लावून तर अजिबातच नाही, वीट भार आला की फुटते. घोडे म्हणजे जॅक स्टँड घ्या नाहीतर रॅम्प, सपाट कडक जमिनीवर, हँडब्रेक, गिअरमधे, मागच्या चाकांना अडण. आमच्या गावाला एका वेल्डिंगवाल्याकडे सर्व्हिसिंगचा खड्डा आहे, तिथे नेलं की हा प्रश्नच येत नाही, तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर पहिल्या वेळी तिथेच करा.

ऑइल काढायच्या आधी गाडी तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, कोमट झालं की पटकन आणि सगळं निघतं. हायवेवरून येऊन लगेच नट खोलू नका, ते उकळत्या पाण्यासारखं भाजतं आणि नट सुटला की धार सरळ मनगटावरून कोपरापर्यंत येते. धार सुरुवातीला लांब पडते आणि ऑइल कमी झालं की जवळ जवळ येते, घमेलं त्याप्रमाणे सरकवत राहायचं, हे कोणी सांगत नाही आणि पहिल्या वेळी अर्धं ऑइल फरशीवर जातं. खाली जुने पेपर नको, पुठ्ठा टाका. हातमोजे घाला, जळकं ऑइल कातडीला चांगलं नाही.

भरताना सगळ्यात जास्त लोक चुकतात ते असं, की कॅन साडेतीन लिटरचा आणलाय तर सगळा ओतून मोकळं व्हायचं. या गाड्यांना फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. त्याच्यापेक्षा पाव-अर्धा लिटर कमी ओता, एक अर्धा मिनिट इंजिन चालवा, रेस न करता, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, गाडी चारही चाकांवर सपाट उभी करा (रॅम्पवर पुढून उचललेली असताना मापाल तर चुकणार), ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढा, पुसा, परत घाला, परत काढा आणि बघा. मग थोडं थोडं टाकत वरच्या खुणेच्या जरा खाली थांबा. जास्त झालं तर काय बिघडतं असं विचारतात, तर क्रँक, म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, त्या ऑइलमधे फिरून फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही, शिवाय जादाचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) वर जाऊन जळतं, सायलेन्सरमधून निळा धूर. जास्त झालं असेल तर काढा, "जाईल आपोआप" म्हणू नका. उलट प्रकार पण बघितलाय, जुनं काढलं, नट लावला, फोन आला, बोलत बोलत गाडीत बसून चावी फिरवली, इंजिनात थेंब नाही. मी तर नवीन ऑइल भरेपर्यंत चावी घरात ठेवतो. आणि वरचं झाकण लावायला विसरू नका, आख्खं बॉनेट आतून रंगतं.

उरलेलं अर्धा लिटर बाइकमधे घालायचा मोह होईल, तो आवरा. आपल्या बहुतेक गिअरवाल्या बाइकमधे क्लच त्याच ऑइलमधे बुडालेला असतो, त्यांना जासो एमए वालं (अशा ओल्या क्लचसाठीचा दर्जा, कॅनवर लिहिलेला असतो) ऑइल लागतं, गाडीच्या ऑइलने क्लच घसरायला लागू शकतो. बूच लावून ठेवून द्या, पुढे टॉपअपला होईल.

ऑइल खात्रीच्या दुकानातून बिलासकट घ्या, डुप्लिकेट भरपूर मिळतं, आणि ते बहुतेक खऱ्याच रिकाम्या कॅनमधे भरलेलं असतं. म्हणून रिकामा कॅन भंगारवाल्याला तसाच देऊ नका, फाडून द्या. जुन्या ऑइलचं विचाराल तर आमच्या आजोबांकडे ते वाळवी लागू नये म्हणून मेढींना फासायचे, अजूनही कोणी सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागून नेतं, पण त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि बरंच काय काय असतं, २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. गटारात तर नकोच. जवळच्या गॅरेजवाल्याकडे बॅरल असतं, दोन-तीन वेळचं साठवून त्याला नेऊन द्या, ओळख झाली की तो नाही म्हणत नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर फार वाचत नाहीत. ऑइल तेवढ्यालाच, फिल्टर तेवढ्यालाच, मजुरी काय ती सुटते आणि त्यातून पहिल्या वर्षी घोडे, पाने, घमेलं, नरसाळं यात जास्तच जातात. मला वाचतं ते हे की आत काय ओतलं ते मला माहीत असतं. एकदा एका गॅरेजमधून गाडी आणली, बिलात नवीन फिल्टर लावलेला, आणि खाली बघितलं तर फिल्टरवर चिखल वाळलेला. तेव्हापासून मीच करतो आणि नवीन फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहितो.

झाल्यावर रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. एखादा जुना थेंब पडेल, तो सांडलेल्यातला, नट आणि फिल्टर पुसून परत एक रात्र बघा. दुसऱ्या दिवशीही त्याच जागी डाग असेल तर आवळत बसू नका, वायसर टाकला होता का ते आठवा. आणि फिल्टर काढताना पाना कुठला लागतो ते अडलं तर फोटो टाका इथेच, रात्री नऊनंतर मी असतो.