अपडेट चालू असताना लाईट गेली, आता काय?

प्रश्न : राम राम भाऊ. चोपड्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, दोन्ही कॉम्प्युटरवर उबुंटू २२.०४ (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. परवा एकावर अपडेट चालू होतं आणि मधेच लाईट गेली, तेव्हापासून काहीही इन्स्टॉल करायला गेलं की "डीपीकेजी वॉज इंटरप्टेड" (इन्स्टॉल करणारा प्रोग्राम मधेच थांबला) येतं. मित्र म्हणतो, "त्या लॉकच्या फाईली डिलीट करी टाक." दुसऱ्यावर अपडेट करताना काही पॅकेजेस (प्रोग्रामचे गठ्ठे) "केप्ट बॅक" दाखवतो. आता वाटतं अपडेटच बंद करावं, मशीन तर चालतंय ना? — एक वाचक, चोपडा

उत्तर : राम राम दादा. आधी एक, त्या लॉक फाईलींना हात लावू नका, एका वेळी एकानेच इन्स्टॉल करावं म्हणून त्या असतात. फाईल नुसती पडून असली तरी काही अडत नाही, खरं लॉक चालू असलेल्या प्रोग्रामने धरलेलं असतं. उबुंटू सिक्युरिटी अपडेट मागच्या मागे स्वतःच टाकत असतो, तो चालू असताना तुम्ही फाईल उडवली आणि दुसरं इन्स्टॉल सुरू केलं तर दोघं एकाच वेळी पॅकेजच्या नोंदी लिहायला बसतात आणि मग खरा घोळ होतो. लॉकचा मेसेज आला तर थोडं थांबा, एवढंच.

तुमच्या अडचणीवरचा उपाय त्या मेसेजमधेच लिहिलेला असतो, लोक वाचत नाहीत. टर्मिनलमधे (कमांड टाइप करायची खिडकी) "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए" (sudo dpkg --configure -a) द्या, अर्धवट राहिलेली पॅकेजेस तो पूर्ण करतो. तरी डिपेंडन्सीची (एका पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजची) तक्रार आली तर "सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल" (sudo apt --fix-broken install). काही काढून टाकतो म्हणाला तर यादी वाचा, मगच वाय दाबा.

केप्ट बॅक म्हणजे सध्या अपडेट न करता मागे ठेवलेलं, त्याला घाबरू नका. उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतो, तुमच्या मशीनचा नंबर आला की ते आपोआप येतं. किंवा नव्या व्हर्जनसाठी आधीचं एखादं पॅकेज काढावं लागणार असतं, आणि साधं "एपीटी अपग्रेड" काहीच काढत नाही म्हणून ते थांबतं. "फुल-अपग्रेड" काढतं, म्हणून तिथेही यादी नीट बघायची, प्रिंटरचा ड्रायव्हर किंवा अख्खा डेस्कटॉप त्यात दिसला तर एन दाबून बाहेर या. असं बहुतेक वेळा बाहेरून आणलेल्या पीपीएमुळे (उबुंटूच्या अधिकृत यादीबाहेरचे पॅकेजचे स्रोत) होतं, त्यातली व्हर्जन्स उबुंटूच्या पॅकेजेसशी जुळत नाहीत, त्यामुळे लागत नसतील ते पीपीए काढाच.

आणि अपडेट बंद करायचं मनातसुद्धा आणू नका, तुमच्याकडे लोक आधार, बँक पासबुक घेऊन येतात. एका डीपीवर अख्ख्या गल्लीचं कनेक्शन असतं तसं ओपनएसएसएलसारख्या (इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या) एका लायब्ररीवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या कोडवर, कितीतरी प्रोग्राम चालतात. २०१४ ला त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं तेव्हा ती लायब्ररी दुरुस्त केली की तिच्यावरचे सगळे दुरुस्त, फक्त चालू असलेले प्रोग्राम रिस्टार्ट करायला लागले कारण मेमरीत जुनीच कॉपी असते. म्हणून अपडेटनंतर रिस्टार्ट मागितला तर रात्री दुकान बंद करताना देऊन टाका.

"एपीटी अपडेट"ने फक्त यादी ताजी होते, पॅकेजेस "अपग्रेड"ने बदलतात, आठवड्यातून एकदा दोन्ही चालवा. बूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टीम सुरू करायचा भाग) वेगळं असेल आणि भरत आलं असेल तर "एपीटी ऑटोरिमूव्ह"ने जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) जातात.

२२.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२७ ला संपतोय. त्याआधी २४.०४ वर जा, पण फॉर्मची गर्दी नसेल तेव्हा, बॅकअप घेऊन, आणि कॉम्प्युटर यूपीएसवर असेल तरच.