डॅकसाठी मुदत ठेव मोडावी का?

इतर वाचकांसाठी आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही लॅपटॉपवर गाणी लावता. हेडफोनच्या जॅकमधून वायर ॲम्प्लिफायरला आणि तिथून शेल्फवर ठेवलेल्या दोन स्पीकरना जाते. आवाज कोंदट वाटतो, डग्गा घुमतो, गाण्याचे शब्द स्पष्ट येत नाहीत. मित्राकडे महागडा डॅक (डिजिटल गाण्याचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारं उपकरण) ऐकल्यापासून तोच घ्यायचं मनात आहे, सोबत एक भारी यूएसबी केबलही. दोन्ही मिळून खर्च दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढा, म्हणजे स्पीकरच्या किमतीच्या दुप्पट. त्यासाठी मुदत ठेव मोडावी की बारा हप्ते करून घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. अडीअडचणीसाठी तुमच्याकडे तेवढी एकच ठेव आहे, चार महिन्यांच्या खर्चाची.

ठेव मोडू नका आणि हप्तेही करू नका. हौसेवर खर्च करायला माझा अजिबात विरोध नाही. रोज संध्याकाळी दोन तास गाणं ऐकणाऱ्या माणसाने त्यासाठी पैसे बाजूला काढलेच पाहिजेत. पण तुम्ही सांगितलेली लक्षणं डॅकची नाहीत, आणि जिथे दुखणं नाही तिथे दोन महिन्यांचा खर्च ओतणं मला पटत नाही.

डॅकचं काम आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणं. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीमध्ये सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (मोजमापं) आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट, म्हणजे शून्य-एकचे १६ अंक असतात. त्यातून २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे माणसाला ऐकू येणारा सगळा पट्टा आणि सुमारे ९६ डेसिबलचा चढउतार मिळतो. एवढं रूपांतर आज साधा, स्वस्त डॅकही चोख करतो. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली होती. हाय-रिझोल्युशन, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईने नोंदवलेलं रेकॉर्डिंग मधूनच सीडीच्या दर्जावर आणलं, तर ऐकणाऱ्यांना ते ओळखता येतं का, हे त्यात पाहिलं. बरोबर उत्तरं जेमतेम निम्मी आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. २०१६ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास निघालं. फरक आहे, पण फारच बारीक. आणीबाणीचा निधी अर्धा करण्याएवढा तर नक्कीच नाही.

मग मित्राकडे एवढं छान का वाटलं? त्याची खोली वेगळी, स्पीकर वेगळे. शिवाय डॅकमधून साधारण २ व्होल्ट बाहेर पडतात, लॅपटॉपच्या जॅकमधून बऱ्याचदा त्याच्या निम्मे. व्होल्टेज दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, आणि जास्त मोठा आवाज कानाला हमखास जास्त चांगला वाटतो. दुकानातल्या तुलनेतही हेच होतं, म्हणून तिथल्या पहिल्या पाच मिनिटांवर कधीच पैसे लावू नयेत.

आता तुमची खोली. एक स्पीकर कोपऱ्यात भिंतीला टेकून आहे, दुसरा दाराजवळ मोकळ्यावर. कोपऱ्यात बेस फुगतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येणंच शक्य नाही. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर आहे असं तुम्ही लिहिलंय. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर अशा खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचा स्वर जास्त घुमणार. तुमच्या डग्ग्याचं दुखणं मला तरी इथेच दिसतं. जगातला कुठलाही डॅक ते बरं करणार नाही.

स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण होऊ द्या आणि ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणा. जमिनीवर जाड गालिचा, बाजूच्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट. याला जवळजवळ काहीच खर्च नाही. ॲपमधलं स्ट्रीमिंगही तपासा. दर्जा "ऑटो" वर असेल तर तुम्ही कॉम्प्रेस केलेलं गाणं ऐकत असाल. तिथे लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला दर्जा निवडा.

एवढं करून एक महिना ऐका. त्यानंतरही शांत जागी सूं-सूं किंवा गुणगुण येत असेल तर तो लॅपटॉपच्या जॅकचा दोष असू शकतो. तेव्हा साधा यूएसबी डॅक जरूर घ्या. तो महिन्याच्या शिलकीतून सहज येतो. भारी केबल मात्र पूर्णपणे वगळा. डिजिटल केबलमध्ये बिघाड असला तर आवाज तुटतो, टक्-टक् होतं. आवाजाचा गोडवा कमी-जास्त होत नाही.

हप्त्यांबद्दल दोन शब्द. "बिनव्याजी" म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क आणि रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट, दोन्ही हिशेबात धरा. त्यात मध्येच नोकरीत काही झालं तर हप्ता थांबत नाही, आणि वापरलेला डॅक विकायला काढलात तर मूळ किंमत परत येत नाही.

ठेव सहा महिन्यांच्या खर्चाएवढी झाली, की उरणाऱ्या रकमेतला ठरलेला भाग दरमहा गाण्यासाठी वेगळा काढा. तो साठला की आधी स्पीकर बदलायचा विचार करा, कारण आवाजात सगळ्यात मोठा फरक तेच पाडतात, आणि चांगली जोडी वीस वर्षं टिकते. तरीही महागडा डॅक खुणावत असेल तर परत करायची मुदत असलेल्या दुकानातून आणा. तो आणि तुमचा साधा डॅक (किंवा लॅपटॉपचा जॅक), दोन्हींचा आवाज मीटरने तंतोतंत सारखा करा आणि घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे अदलाबदल करायला सांगा. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलात, तर खुशाल ठेवून घ्या. पाच-सहा वेळाच ओळखता आलं, तर मुदतीत परत करा.